कामगारांना भेटणाऱ्या ख्रिस्ती चॅप्लेनच्या ट्रस्टवर विश्वस्त व्हा म्हणतायत, नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही विचारलंय की आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले लोक अशा ट्रस्टवर या म्हणतायत, पैसे काही मिळणार नाहीत, नुसती सही करायची असते म्हणे, तर हो म्हणू का. मी भुसावळचा, रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर झालो आणि गेली ६ वर्षं अशाच एका छोट्या ट्रस्टचा खजिनदार आहे. आम्ही ७ जण आहोत आणि आमचा चॅप्लेन एकच, तो जळगाव एमआयडीसीतल्या काही दाल मिल, चटईचे कारखाने आणि इकडच्या दोन-तीन वर्कशॉपमध्ये आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जातो. नुसती सही असते हे ज्यांनी सांगितलं त्यांनी तुम्हाला अर्धवट सांगितलं.

आधी चॅप्लेन म्हणजे कोण ते, कारण विश्वस्तांमध्येच बऱ्याच जणांना हे नीट माहीत नसतं. तो तिथे उपासना घ्यायला जात नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलेल्या माणसांजवळ बसतो, बोलतो, जास्त करून ऐकतो, समोरचा हिंदू आहे, मुसलमान आहे की आदिवासी पाड्यावरून आलाय हे बघत नाही. ही पद्धत इंग्लंडातली. तिकडे रेल्वे आणि धरणांच्या खोदकामावरच्या मजुरांसाठी १८७७ मध्ये नॅव्ही मिशन सोसायटी निघाली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये शेफिल्डचे बिशप लेस्ली हंटर यांनी टेड विकहॅम नावाच्या पाद्र्याला थेट पोलादाच्या कारखान्यात पाठवलं, त्यातून शेफिल्ड इंडस्ट्रियल मिशन उभं राहिलं. आज तिकडे दुकानं, एअरपोर्ट, फायर स्टेशन सगळीकडे असे चॅप्लेन जातात आणि त्यांच्या मागे चॅरिटीचे विश्वस्त असतात, जे साधारणपणे पगार घेत नाहीत, फक्त झालेला खर्च घेतात. आमच्याही ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या मूळ दस्तात, तसंच लिहिलंय.

आता काम काय, तर माझ्या मते खरं काम एकच, चॅप्लेन कोणाचाच माणूस होऊ द्यायचा नाही. मालकाचा नाही, युनियनचा नाही, आणि हे बोलायला जड जातं पण चर्चची गर्दी वाढवणाराही नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एका कारखान्याच्या मालकाने ५०,००० चा चेक पाठवला, वर निरोप की दरवर्षी देतो, फक्त पोरं काय बोलतात ते अधूनमधून कानावर घालत जा. तेव्हा आमच्याकडे बँकेत सगळे मिळून ११ हजार होते. मे महिना, लाइट गेलेली, आम्ही सगळे एका विश्वस्ताच्या गच्चीवर चटया टाकून बसलेलो, आणि खरं सांगतो सुरुवातीला तीन-चार जणांचं मत घेऊन टाका असंच होतं, मीही त्यातच होतो कारण हिशेब मलाच जुळवायचा असतो. आमच्यात एक रिटायर्ड नर्स आहेत, आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो, त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "भाऊ, ज्या पोराने बायकोच्या आजारपणाचं याच्याजवळ रडून सांगितलं त्याला उद्या हा चेक कळला तर तो पुन्हा कोणाजवळ रडेल?" दुसऱ्या दिवशी मी स्वतः चेक परत देऊन आलो, सोबत दोन ओळींचं पत्र. त्या वर्षी चॅप्लेनच्या पेट्रोलचे पैसे आम्ही सात जणांनी खिशातून भरले.

त्याच्यानंतर आम्ही नियम लिहूनच ठेवले. महिन्याच्या रिपोर्टमध्ये किती ठिकाणी गेला, किती जणांशी बोलला एवढंच येतं, कोणाचं नाव येत नाही आणि विश्वस्ताने विचारायचंही नाही. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाचा छळ होत असेल तेवढाच अपवाद, आणि तो चॅप्लेन समोरच्याला आधीच सांगून ठेवतो. महिनाअखेरीला लोक ५०० रुपये उसने मागतात, तर त्याने स्वतः उसने द्यायचे नाहीत, उसनवारी आली की बोलणं संपतं, माणूस तोंड चुकवायला लागतो.

कागदपत्रांचं हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागतो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती द्यायची, ३१ मार्चला हिशेब बंद करायचा, जागा विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. आमचे दोन विश्वस्त कोरोनात गेले, दोघंही जुने, दोघांच्या सह्या बँकेत होत्या, आणि त्या दुःखात चेंज रिपोर्ट आमच्याकडूनच राहून गेला. मग उशीर माफीचा अर्ज, वकील, बँक म्हणते शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद, त्यात विश्वस्तांची नावं असतात) उतारा आणा, आणि या सगळ्यात चॅप्लेनचं मानधन चार महिने अडकलं, त्याच्या मुलीची फी भरायची होती त्या वेळी. बाहेरच्या देशातला कोणी पैसे पाठवतो म्हणाला तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा सरकारची आधी परवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, ती असली तरी तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच यावा लागतो, २०२० मध्ये कायदा बदलला तेव्हापासून.

अजून एक सांगायचं राहिलं आणि हे मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे. एकदा एका पोराचा हात मशीनमध्ये गेला. आमचा चॅप्लेन तीन दिवस दवाखान्यात त्याच्या आईजवळ बसून होता, रात्रीसुद्धा. पुढच्या मीटिंगला तो आला तर मी त्याला विचारलं १८० रुपयांचं बिल कुठंय. तो काही बोलला नाही, खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढून हाताने सरळ करायला लागला आणि तेवढ्यात त्याचा हात थरथरायला लागला. सातपैकी एकानेही त्याला झोप लागते का हे विचारलं नव्हतं. तो सगळ्यांचं ऐकतो, पण त्याचं ऐकायचं काम विश्वस्तांचं आहे, दुसरं कोणी नाही. आता मीटिंगचा पहिला विषय तोच असतो, हिशेब नंतर, आणि महिन्यातून एकदा सिस्टर त्याला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावतात, त्या दिवशी कामाचं काही बोलायचं नाही.

तर हो म्हणण्याआधी त्यांच्याकडून ट्रस्ट डीड, शेड्यूल वनचा ताजा उतारा आणि मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागून घ्या. आणि एक दिवस चॅप्लेनबरोबर जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसा, त्यांनी परवानगी काढून दिली पाहिजे, आम्ही नवीन माणसाला तसंच नेतो. डबा मात्र घेऊन जा, रिकाम्या हाताने गेलं की तिथली पोरं स्वतःची अर्धी भाकरी तुमच्या हातात ठेवतात.