आपले प्रश्न : चारशे प्रकल्प, एक प्रणाली

प्रश्न : आमच्या सरकारी विभागाचे सुमारे ४०० संशोधन प्रकल्प एक्सेलच्या वेगवेगळ्या फायलींत आहेत. सगळे नव्या ऑनलाइन प्रणालीत न्यायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : प्रकल्प क्रमांकापासून. प्रत्येकाला एकच कायमचा क्रमांक द्या; त्यात विभागाचे नाव गुंफू नका, नावे बदलतात. रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर एक्सेल ००४७ चे गुपचूप ४७ करते. देवनागरी शीर्षके असतील तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच जतन करा. एरवी प्रश्नचिन्हांची रांग हाती येते. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा घोळ टाळायला तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा.

खरी डोकेदुखी नावांची. एकच संशोधक तीन स्पेलिंगांनी भेटतो. तिथे ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची कायमची ओळख असलेला १६ अंकी क्रमांक घ्या (शेवटी कधी ‘एक्स’ असतो, तो चूक समजून खोडू नका). मंजूर, वितरित आणि खर्च झालेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत हवी.

आधी २०-२५ चालू प्रकल्प चढवून बेरजा जुन्या फायलींशी ताडून पाहा. संपलेल्या प्रकल्पांची घाई नको. प्रणाली सुरू झाली की जुन्या फायली फक्त वाचनापुरत्या ठेवा. नाहीतर लोक सवयीने तिथेच नोंदी करत राहतात.