मारा किती खोल गेला, ते आधी सांगा

प्रश्न : सिलिकॉनच्या चकतीवर आम्ही 100 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आरगॉन आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा केला. अणूंची मांडणी दाखवणारं क्ष-किरण विवर्तनाचं शिखर जवळपास आधीसारखंच आलं. म्हणजे स्फटिकाला काही झालं नाही का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, औंध)

झालंय, बरंच झालंय. एवढ्या ऊर्जेचा आरगॉन सिलिकॉनमध्ये मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास थांबतो. नेहमीच्या मांडणीतले क्ष-किरण त्याच्या कितीतरी पट खोल जातात. फाटली साय, आणि तुम्ही तपासताय पातेल्याच्या तळाचं दूध!

सिलिकॉनचा अणू जागेवरून उडवायला साधारण 15 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. तुमचा आयन येतो एक लाख घेऊन. ठोकर खाल्लेला अणू पुढच्याला ठोकरतो, तो त्याच्या पुढच्याला. काही पिकोसेकंदांत धुमश्चक्री संपते. बरेचसे अणू पुन्हा कुठल्या ना कुठल्या जागी बसतात. उरतात त्या रिकाम्या जागा आणि दोन ओळींच्या मध्ये घुसून बसलेले अणू. असे घाव एकमेकांत मिसळले की थर अस्फटिक होतो, म्हणजे अणूंच्या रांगा मोडतात. खोलीच्या तापमानाला, दर चौरस सेंटिमीटरला 10¹⁵ आयन पडले तर आरगॉन हे काम सहज करतो. हाच मारा तापलेल्या चकतीवर केलात तर घाव पडता पडता भरत जातात. म्हणून माऱ्याच्या वेळचं तापमान वहीत लिहा. माझ्या पहिल्या वहीत तो रकाना कोरा आहे, आणि त्या नमुन्यांचा आजही काही उपयोग नाही.

रामन वर्णपट घ्या, म्हणजे नमुन्यावर लेसर टाकून विखुरलेला प्रकाश तपासा. 520 प्रति सेंटिमीटरला टोकदार शिखर दिसलं म्हणून हुरळू नका, ते खालच्या शाबूत सिलिकॉनचं असू शकतं. 480 च्या आसपास अस्फटिक थराचा पसरट उंचवटा दिसतो का ते पाहा. दिसला तरी नमुना टाकू नका. साधारण 600 अंश सेल्सिअसला तापवलात तर खालच्या स्फटिकावर बेतून वरचा थर पुन्हा रचला जातो.

प्रश्न : मुलगा चिपच्या कारखान्यात आहे. तो म्हणतो, आयन भरताना चकती 7 अंश तिरकी धरतात. का? (निवृत्त शिक्षक, निगडी)

एसटीतून उसाचा फड पाहिलाय ना? एका क्षणी सगळ्या सऱ्या सरळ उघडतात, नजर थेट बांधापर्यंत जाते. स्फटिकातही अशा सऱ्या असतात. चकती सरळ धरली तर काही आयन त्यांतून नको तितके खोल घुसतात. तिरकी धरली की फड दाट दिसतो.

प्रश्न : लक्ष्मी रोडवर घेतलेला निळा टोपाझ ‘रेडिएशन दिलेला’ निघाला. अंगठीत घालू का? (गृहिणी, सदाशिव पेठ)

बाजारातले बहुतेक निळे टोपाझ तसेच असतात. पण तो आयनांचा मारा नव्हे. आयन वरच्या पापुद्र्यातच थांबतात. आरपार रंगासाठी गॅमा किरण, इलेक्ट्रॉन किंवा न्यूट्रॉन लागतात. न्यूट्रॉनवाले खडे काही काळ किरणोत्सारी राहतात, म्हणून पातळी उतरेपर्यंत ठेवून मगच विकायचे असतात. बिल असेल तर खुशाल घाला. विल्यम क्रूक्स यांनी 1904 च्या सुमारास हिरे रेडियमच्या क्षारात पुरले होते. अल्फा कण म्हणजे हेलियमचे आयनच. हिरे हिरवे झाले, पण वरवर. आणि किरणोत्सार मात्र त्यांना कायमचा चिकटला.

प्रश्न : पाषाणच्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट (एक खनिज) हाही किरणांमुळेच हिरवा का? (संग्राहक, बाणेर)

नाही. तो व्हॅनेडियमचा रंग.