हरवलेलं जनुक परत कसं आणायचं?

प्रश्न : पी५३ हे कर्करोग रोखणारं प्रथिन १९७९ मध्येच सापडलं. मग त्यावरचं औषध सर्रास का मिळत नाही?

पहिली दहा वर्षं तर पी५३ लाच आरोपी धरलं गेलं होतं! प्रयोगशाळांत फिरणारे त्याचे नमुने बिघडलेल्या जनुकाचे निघाले आणि १९८९ च्या सुमारास आरोपीचा पहारेकरी झाला. पण खरी अडचण वेगळीच. बहुतेक औषधं प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचं काम थांबवतात. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात एक प्रथिन सतत चालू राहतं; २००१ मध्ये मान्यता मिळालेलं इमॅटिनिब तेच बंद पाडतं. पी५३ मात्र बंदच पडलेलं असतं आणि ते चालू करणारा रेणू घडवणं महाकठीण. त्यात बिघाडही गाठीगणिक वेगळा. पी५३ शाबूत असेल, तर त्याला दाबून ठेवणाऱ्या एमडीएम२ या प्रथिनाला अडवता येतं. पण मग निरोगी पेशींतलंही पी५३ चवताळतं, प्लेटलेट्स घसरतात.

प्रश्न : माझ्यात बीआरसीए१ या जनुकाचा दोष आहे. ओलापॅरिब हे औषध तो दुरुस्त करतं का?

नाही, उलट त्या दोषाचाच फायदा उठवतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर बीआरसीए प्रथिनं ते नीट सांधतात. गाठीतल्या पेशींत ती सोय उरलेली नसते. त्यात औषधाने पार्प हे दुसरं दुरुस्ती-प्रथिन अडवलं, की त्या पेशी मरतात. तुमच्या निरोगी पेशींत जनुकाची एक चांगली प्रत असते, म्हणून त्या बऱ्याच अंशी तगतात. २००५ मध्ये दोन गटांनी हे प्रयोगशाळेत दाखवलं, औषधाला मान्यता २०१४ ची. पुढे काही गाठींत नवा बदल होऊन बीआरसीए पुन्हा चालू होतं आणि औषध लागू पडेनासं होतं. आम्हाला जी दुरुस्ती जमत नाही, ती गाठ परस्पर करून बसते! तुम्हाला हे औषध द्यायचं की नाही, ते तुमचे कर्करोगतज्ज्ञच ठरवतील.

प्रश्न : एम.एस्सी. करतोय. या क्षेत्रात यायचं तर काय शिकू?

संख्याशास्त्र आणि संशय. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत पी५३ चं जनुक वाचलंत, तर ठणठणीत दिसेल. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत मात्र त्याचा पट्टा जेमतेम उमटतो, कारण त्या पेशींतल्या एचपीव्ही विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ ला कचऱ्यात धाडतं. प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र रोखणारं रसायन काही तास घाला, पट्टा परत येतो. हा प्रयोग स्वतःच्या हातांनी करून पाहा.