प्रागमधील मुख्य ऐतिहासिक वास्तू गाइडशिवाय एका दिवसात पायी पाहता येतील का?

होय, सहज येतील. बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातील जुन्या राज्याच्या) राजांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक ज्या वाटेने जात असे, त्या सुमारे अडीच किलोमीटरच्या वाटेवरच पावडर टॉवर, जुन्या शहराचा चौक, १३५७ मध्ये पायाभरणी झालेला चार्ल्स पूल आणि किल्ला ओळीने लागतात. चौकातील १४१० च्या खगोलीय घड्याळासमोर तासाच्या ठोक्याला उभे राहावे (गर्दीही तेव्हाच उसळते). घड्याळावरचा सांगाड्याचा पुतळा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) मूर्ती सरकत जातात. पुढे नेरुदोवा रस्त्यावर दारांवरील चिन्हे, उदाहरणार्थ तीन व्हायोलिनांचे चिन्ह, पाहावीत. क्रमांक येण्यापूर्वी घरे त्यांवरूनच ओळखली जात. मात्र हा रस्ता चढाचा असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी २२ क्रमांकाच्या ट्रामने किल्ल्यापाशी जाऊन हीच वाट उलट उतरावी.