तपासनीस वाढवूनही रिजेक्शन कमी होत नाही. लीनमध्ये चुका आधी रोखाव्यात की अपव्यय आधी कमी करावा?

आपण विचारले आहे की, असेंब्ली लाइनच्या शेवटी दोन तपासनीस वाढवूनही ग्राहकाकडून परत येणारा माल कमी झालेला नाही, तर लीन पद्धत (अपव्यय काढून टाकत उत्पादन करण्याची, टोयोटातून पुढे आलेली पद्धत) राबवताना चुका रोखण्याचे काम आधी हाती घ्यावे की अपव्यय कमी करण्याचे. यंत्रभागांच्या जुळणीत आणि गुणवत्ता विभागात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही दोन कामे वेगळी धरणे हीच पहिली अडचण आहे. चूक घडते एका ठिकाणी आणि सापडते दुसऱ्याच ठिकाणी. या दोन ठिकाणांमध्ये जितके टप्पे, जितका साठा आणि जितका वेळ असेल, तितका अपव्यय वाढत जातो. म्हणून ते अंतर कमी करण्यापासून सुरुवात करावी.

तपासनिसांचा हिशेब आधी पाहू. जुळणीच्या वीस पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी शंभरांपैकी ९९ वेळा बिनचूक होते असे धरले, तरी वीसही पायऱ्या निर्दोष पार केलेले नग शंभरात सुमारे ८२ च निघतात. उरलेल्या १८ पैकी तपासनिसाने दहांत नऊ या प्रमाणात सदोष नग पकडले, तरी जवळपास दोन नग ग्राहकाच्या हाती पडतात, आणि जे १६ पकडले गेले त्यांवर लागलेला माल आणि वेळ तोवर खर्च होऊन गेलेला असतो. शिवाय दुसरा तपासनीस नेमला की पहिल्याची नजर थोडी सैल होते, कारण आपल्यामागे आणखी कुणी पाहणार आहे हे त्याला ठाऊक असते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की शेवटच्या टप्प्यावर माणसे वाढवण्याच्या प्रस्तावाला मी आता सहसा नकारच देतो.

जपानी औद्योगिक अभियंता शिगेओ शिंगो यांनी तपासणीचे तीन प्रकार केले होते: चांगला नग आणि वाईट नग निवडून वेगळे करणारी तपासणी, दोष सापडताच तो मागच्या टप्प्याला कळवणारी तपासणी, आणि चूक जिथे उगम पावते तिथेच तिला अडवणारी तपासणी. आपली लाइन पहिल्या प्रकारावर उभी आहे. तिसऱ्या प्रकाराचे साधन म्हणजे पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी किंवा होताच उघड करणारी साधी सोय, आणि त्याचे १९६१ मधले सुरुवातीचे उदाहरण आजही सांगण्याजोगे आहे. एका कारखान्यात लहानशा स्विचमध्ये दोन बटणांखाली दोन स्प्रिंग बसवायच्या असत, आणि त्यांतली एखादी अधूनमधून विसरली जाई. मोठ्या खोक्यातून थेट स्प्रिंग उचलण्याऐवजी आधी मोजून दोन स्प्रिंग छोट्या तबकडीत ठेवायच्या आणि मगच जुळणी करायची, एवढाच बदल शिंगो यांनी सुचवला. जुळणी संपल्यावर तबकडीत स्प्रिंग उरली असेल, तर चूक झाल्याचे तिथल्या तिथे कळते आणि नग पुढे जाण्यापूर्वीच दुरुस्त होतो.

अशा युक्त्यांना आधी बाका-योके, म्हणजे मूर्खालाही चुकता येणार नाही अशी सोय, असे नाव होते. १९६३ मध्ये एका कामगार स्त्रीच्या मनाला हा शब्द लागला, तेव्हा शिंगो यांनी अनवधानाने होणारी चूक या अर्थाचा 'पोका' हा शब्द स्वीकारला. हा बदल केवळ सौजन्याचा आहे असे मला वाटत नाही. ऑपरेटर मूर्ख आहे असे गृहीत धरले की त्याला समज दिली जाते आणि भिंतीवर आणखी एक सूचनाफलक लागतो. लक्ष कुणाचेही ढळू शकते असे गृहीत धरले, तरच आपण फिक्स्चरकडे (जुळणीच्या वेळी नग जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाकडे) आणि ड्रॉइंगकडे वळतो.

आमच्याकडे एक ब्रॅकेट वारंवार उलटा बसत असे. त्याची भोके दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर असल्याने उलट्या ब्रॅकेटमध्येही बोल्ट विनातक्रार जात, आणि चूक लक्षात येई ती चार टप्प्यांनंतर, केबल पोहोचेनाशी झाल्यावर. आम्ही फलक लावला, प्रशिक्षण दिले, ब्रॅकेटवर बाणाची खूणही केली. प्रत्येक उपायाचा परिणाम काही दिवस टिके आणि पुन्हा पूर्वीचीच स्थिती येई. शेवटी ब्रॅकेटला एका कडेला खाच दिली आणि फिक्स्चरवर त्या खाचेत बसेल अशी पिन ठोकली, तेव्हा उलटा ब्रॅकेट फिक्स्चरवर टेकेनासाच झाला. मोबाइलच्या सिम कार्डाचा कापलेला कोपरा हेच काम करतो. पुढे ड्रॉइंग बदलून भोकांची अंतरेच असमान केली आणि पिनचीही गरज संपली. खरे तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती, परंतु ड्रॉइंग बदलण्यासाठी डिझाइन विभागाची संमती लागते आणि फलकासाठी ती लागत नाही, त्यामुळे आपण सगळेच आधी फलकाकडे वळतो.

आता अपव्ययाकडे येतो. टोयोटामध्ये तिथल्या उत्पादन पद्धतीचे शिल्पकार ताइइची ओनो यांनी अपव्ययाचे जे सात प्रकार मांडले, त्यांत अतिउत्पादन, प्रतीक्षा, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा आणि अनावश्यक हालचाल यांच्या पंगतीला सदोष उत्पादनही आहे. आणि या सर्वांत अतिउत्पादन त्यांनी सर्वांत घातक मानले. त्याचे कारण आपल्या प्रश्नाशी थेट जुळते. पहिल्या टप्प्यावर २०० नगांचा लॉट पूर्ण झाल्यावरच तो पुढे सरकत असेल आणि दहाव्या नगाला क्लॅम्प सरकला असेल, तर पुढच्या टप्प्याला ते कळेपर्यंत सुमारे १९० सदोष नग तयार झालेले असतात. तोच माल दहा-दहा नगांनी पुढे गेला, तर नुकसान फार तर दहा-वीस नगांवर थांबते, आणि क्लॅम्प का सरकला याचे कारणही ताजे असताना शोधता येते. साठा हा चुकांवरचे पांघरूण असतो, आणि म्हणूनच लॉट लहान केल्यावर पहिले काही आठवडे चुका वाढल्यासारख्या वाटतील. त्या वाढलेल्या नसतात, दिसू लागलेल्या असतात. व्यवस्थापनाला हे आधीच सांगून ठेवा, अन्यथा प्रयोग अर्ध्यावरच गुंडाळला जाईल.

चूक दिसल्यावर काम थांबवण्याची मुभा नसेल, तर या साऱ्याचा उपयोग नाही. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे, आणि अडचण दिसताच कामगाराने ओढायची टोयोटाच्या लाइनवरची दोरी हा त्याच विचाराचा विस्तार आहे. ती दोरी ओढताच लाइन जागीच थांबते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आधी प्रमुख मदतीला धावतो, आणि गाडी त्या टप्प्याच्या ठरलेल्या सीमेपर्यंत पोहोचेतो अडचण सुटली नाही, तरच लाइन थांबते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. पोका-योके विसरणे, उलटे बसवणे, एखादी पायरी गाळणे अशा चुकांवर चालते. टूल हळूहळू झिजून माप सरकत असेल, तर अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेखच, म्हणजे मापे वेळोवेळी नोंदवून ती ठरलेल्या मर्यादांत आहेत का हे दाखवणारा आलेख, वापरावा लागतो. म्हणून परत आलेल्या मालाची आधी या दोन गटांत वाटणी करा आणि पहिल्या गटातली सर्वांत जास्त वेळा घडणारी एकच चूक निवडा.

त्या चुकीसाठी सेन्सर लावणार असाल, तर प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम सदोष बनवलेला, लाल रंगवलेला नमुना लाइनवर घालून सेन्सर तो अडवतो का हे पाहण्याची पद्धत ठेवा. शॉप फ्लोअरवर त्या नमुन्याला 'रेड रॅबिट' म्हणतात. आमचा एक सेन्सर चांगल्या नगालाही अडवत असल्यामुळे त्रासलेल्या ऑपरेटरने त्यावर टेप चिकटवली होती, आणि हे आम्हाला ग्राहकाच्या तक्रारीनंतर कळले. आम्ही टेप काढली, पण तेवढ्यावर न थांबता सेन्सरची जागाही बदलली, कारण टेप लावण्यामागची त्याची तक्रार रास्त होती.