मोबदला दिला, नुकसानभरपाई मागायची

प्रश्न असा आहे. शस्त्रक्रियेत बिघाड झालेल्या नातेवाइकासाठी ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा घरी चालला होता. एकाने लिहिलं, ‘डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीचा मोबदला मिळावा.’ दुसऱ्याने ‘मोबदला’ खोडून ‘नुकसान भरपाई’ केलं, तिसऱ्याने ‘हलगर्जीपणा’ खोडून ‘हयगय’. यातलं बरोबर काय, की सगळे शब्द समानार्थीच?

समानार्थी नाहीत. निदान ‘मोबदला’ आणि ‘नुकसानभरपाई’ तरी नक्कीच नाहीत, आणि नेमक्या याच प्रकारच्या तक्रारीत त्यांची गल्लत महागात पडू शकते.

बदल, बदला, बदली, मोबदला हे सगळे एकाच अरबी धातूचे वंशज. मोबदला म्हणजे अदलाबदलीत घेतलेल्या गोष्टीच्या बदल्यात दिलं जाणारं. जमीन दिली, तिचा मोबदला घेतला. काम केलं, त्याचा मोबदला मिळाला. म्हणून रस्त्यासाठी जमीन गेलेला शेतकरी ‘मोबदला’ म्हणतो ते चोख आहे. पण कोणी आपलं मूत्रपिंड निकामी करून घेण्याचा सौदा करत नाही. तिथे अदलाबदल नाही, खड्डा पडलेला आहे, आणि खड्डा भरायचा असतो. त्यासाठी शब्द भरपाई.

हा ‘भरपाई’ शब्द मोठा मजेदार आहे. त्यात भरणं आहे तसं पावणंही आहे. जुन्या खरेदीखतांत हमखास वाक्य असतं: ‘सदर रक्कम भरून पावलो, भरण्याबद्दल तक्रार नाही.’ म्हणजे पूर्ण मिळालं हे घेणाऱ्याने सांगायचं, देणाऱ्याने नव्हे. वैतागून ‘भरून पावलो बाबा!’ म्हणतो तेही इथलंच. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तक्रारीतला ‘मोबदला’. तो तिथे लागतोच, फक्त दुसऱ्या जागी. ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक कोण, तर मोबदला देऊन सेवा घेणारा. म्हणजे मोबदला रुग्णाने रुग्णालयाला दिलेला असतो. २०१९ च्या कायद्याने (तो २० जुलै २०२० पासून अमलात आला) त्याचं वजन आणखी वाढवलं. पूर्वी तक्रार कुठल्या पायरीवर दाखल करायची हे ठरवताना सेवेचं मूल्य आणि मागितलेली नुकसानभरपाई यांची बेरीज करत. आता पाहतात तो फक्त दिलेला मोबदला. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून वर राष्ट्रीय आयोग.

समजा, रुग्णालयाचं बिल झालं ३ लाख ४० हजार आणि तुमची मागणी आहे ६० लाखांची. मागणीचा आकडा पाहून राज्य आयोगाकडे धाव घेणारे अजूनही भेटतात, आणि तिथून तक्रार परत येते. तिची जागा जिल्हा आयोगात. शुल्कही मोबदल्यावरच ठरतं: ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००. म्हणून मसुद्यात ‘दिलेला मोबदला’ असा स्वतंत्र परिच्छेद करा, त्यात पावती क्रमांक, तारखा आणि रकमा घाला. ‘नुकसानभरपाई’ हा शब्द मागणीच्या परिच्छेदासाठी राखून ठेवा. मागणीत चुकून ‘मोबदला’ पडला म्हणून कोणी तक्रार फेटाळणार नाही, पण दोन्हीकडे एकच शब्द असला की कुठला आकडा कशाचा, हे सामनेवाल्याचे (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे) वकील मोठ्या आनंदाने विचारतात.

बिल विमा कंपनीने परस्पर चुकतं केलं तर मोबदला दिला असं म्हणायचं का? म्हणायचं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, त्याच निकालात विमा कंपनीने किंवा मालकाने भरलेला खर्चही धरला आहे. उलट सगळ्यांवर फुकट उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयात केसपेपरसाठी घेतलेले दहा-वीस रुपये मोबदला ठरत नाहीत. तिथला रुग्ण ग्राहक होत नाही आणि त्याला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. काहींकडून पैसे घेऊन काहींवर मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयातला मोफत रुग्ण मात्र ग्राहक धरला जातो.

जाता जाता: दिवाणी न्यायालयात ‘दावा’, आयोगात ‘तक्रार’. दाव्यात वादी-प्रतिवादी, तक्रारीत तक्रारदार आणि सामनेवाले. काही जिल्ह्यांत ‘जाबदार’ किंवा ‘विरुद्ध पक्ष’ही चालतं. यातलं कुठलंही एक घ्या, पण मसुदाभर तेच ठेवा.

आता हलगर्जीपणा, हयगय, निष्काळजीपणा. रोजच्या बोलण्यात तिन्ही चालतात, तरी वास वेगळा. हलगर्जीपणात ढिलाई आहे, आणि बोलणाऱ्याचा राग आहे. मथळ्यांना तो आवडतो. हयगय हा दप्तरी शब्द. ‘कामात हयगय खपवून घेतली जाणार नाही’ ही परिपत्रकाची भाषा, आणि ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून’ ही पोलीस ठाण्याची. तो शब्द दिसला की डोळ्यांसमोर फिर्याद उभी राहते. नुकसानभरपाईच्या तक्रारीत ‘निष्काळजीपणा’ लिहावं. कायद्याच्या मराठीत तो रुळला आहे आणि त्यात राग नाही.

एक अडचण त्यातही आहे. मराठीत ‘काळजी’ला दोन अर्थ आहेत. एक चिंता, दुसरा दक्षता. ‘डॉक्टरांना काही काळजीच नव्हती, दोन मिनिटंसुद्धा बोलले नाहीत’ ही तक्रार पहिल्या अर्थाची, आणि कायद्याला तिच्याशी फारसं कर्तव्य नाही. तुसडा डॉक्टर दक्ष असू शकतो, आणि रात्रभर उशाशी बसलेलाही चुकीचं रक्त चढवू शकतो. कायदा विचारतो ते दुसऱ्या अर्थाचं: दक्षता घेण्याचं कर्तव्य होतं का, ते मोडलं का, आणि मोडल्यामुळेच हानी झाली का? यातला तिसरा दुवा सर्वांत जास्त वेळा तुटतो. चूक झाली हे दिसतं, पण रुग्ण त्या चुकीने दगावला की मूळ आजाराने, हे तज्ज्ञाच्या लेखी मताशिवाय सहसा सिद्ध होत नाही. उपचाराला गुण न येणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या शाखेचा साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल तेवढं केलं की नाही, ही कसोटी.

पुण्यातल्या एका जुन्या खटल्यात हे छान उलगडलं आहे. १९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि तो दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली निकाल देताना डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना दक्षता, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना दक्षता, आणि प्रत्यक्ष उपचार करताना दक्षता. तक्रार लिहिताना यातलं कुठलं कर्तव्य मोडलं ते नेमकं लिहा. त्या खटल्यातली नुकसानभरपाई, तसं पाहता, ३ हजार रुपये होती.

काही वेळा तज्ज्ञाचं मतही लागत नाही, वस्तुस्थितीच बोलते. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला आणि बाळंतीण दगावली. टॉवेल आपणहून पोटात जात नाही. तो नेमका कोणाच्या हातून राहिला हे सिद्ध झालं नाही, तरी सरकार जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तोवर ३३ वर्षं गेली होती.

‘अक्षम्य’, ‘घोर’, ‘अमानुष’ ही विशेषणं गाळा. घोर निष्काळजीपणा ही फौजदारी बाजूची पायरी आहे. डॉक्टरवर गुन्हा चालवायचा तर साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटलं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये वैद्यकीय उपचार करताना झालेल्या अशा मृत्यूसाठी नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंत कैद आहे. नुकसानभरपाईला तेवढं लागत नाही. मग पुराव्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर कशाला घ्या? त्याऐवजी ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्दप्रयोग घाला. २०१९ च्या कायद्यातल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणा स्पष्टपणे घेतलेला आहे.

सरकारने अपघातानंतर जाहीर केलेल्या पाच लाखांना वर्तमानपत्रं नुकसानभरपाई म्हणतात. तो सानुग्रह निधी. अनुग्रह म्हणजे कृपा, आणि कृपेत जबाबदारीची कबुली नसते. याच मार्गाने एखादं रुग्णालय ‘माणुसकीच्या नात्याने’ काही रक्कम पुढे करतं आणि सोबत सहीसाठी कागद ठेवतं. तो नीट वाचा. ‘पूर्ण व अंतिम’, ‘भरून पावलो, काही तक्रार उरली नाही’ असं त्यावर असेल, तर तुम्ही मदतीच्या पावतीवर नव्हे, भरपाईच्या पावतीवर सही करताय. दबावाने सही घेतली हे नंतर सिद्ध करता येतं, पण ते सिद्ध करायचं तुम्ही. रक्कम घ्यायचीच असेल तर सहीजवळ ‘हक्क राखून स्वीकारली’ लिहा, तारीख घाला आणि कागदाचा फोटो काढून ठेवा.

मागणीच्या परिच्छेदात मराठीचं एक झकास शब्दयोगी अव्यय उपयोगी पडतं, ‘-पोटी’. ‘एकूण ६० लाख द्यावेत’ असा गोळा टाकू नका. पुढील उपचारांच्या खर्चापोटी अमुक, बुडालेल्या उत्पन्नापोटी अमुक, शुश्रूषेसाठी ठेवलेल्या माणसाच्या पगारापोटी अमुक, शारीरिक व मानसिक त्रासापोटी अमुक, तक्रारीच्या खर्चापोटी अमुक, असं तोडून लिहा. प्रत्येक ‘पोटी’ला एक कागद जोडा, त्रासाला कागद नसतो, तिथे आकडा माफक ठेवा. आणि ‘तक्रार दाखल केल्यापासून रक्कम हाती पडेपर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के व्याज’ मागायला विसरू नका. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. शाळेत घोकलेलं ते इथे अजून जिवंत आहे.

उत्पन्नाच्या हिशोबात ‘अपंगत्व’ आणि ‘कमाईच्या क्षमतेतली घट’ वेगळी ठेवा. प्रमाणपत्रावर हाताचं अपंगत्व ४० टक्के असलं, तरी सुताराची कमाई त्याहून कितीतरी जास्त बुडते आणि शिक्षकाची कदाचित कमी. प्रमाणपत्रातला आकडा तसाच उचलला की हिशोब तिथेच फसतो. मोटार अपघातात वयानुसार ठरलेला ‘गुणक’, म्हणजे वर्षाच्या बुडालेल्या उत्पन्नाला गुणायचा आकडा, वापरतात (२६ ते ३० वर्षांना १७, ४१ ते ४५ ला १४). वैद्यकीय प्रकरणांत तो जसाच्या तसा लावण्याचं बंधन नाही, हे २०१३ सालच्या सुमारे ६ कोटींच्या गाजलेल्या निकालाने सांगितलं.

हे सगळं तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायचं. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज, सबळ कारणासह. आंतररुग्ण म्हणून झालेल्या उपचारांचे कागद रुग्णालयाने ३ वर्षं ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणून शब्दांवर वाद घालण्याआधी तो लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

राहिलं व्याकरण. ‘नुकसानभरपाई’ हा सामासिक शब्द, जोडूनच लिहायचा. ‘नुकसान’ नपुंसकलिंगी, ‘भरपाई’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘नुकसानभरपाई मिळावी’. ‘निष्काळजीमुळे’ नको, ‘निष्काळजीपणामुळे’ हवं. आणि इंग्रजी ‘पर्सनल इन्ज्युरी’चं शब्दशः केलेलं ‘वैयक्तिक इजा’ म्हणजे काय ते मराठी माणसाला कळत नाही. इजा आणखी कोणाची असणार? ‘शारीरिक इजा’ म्हणा. तर वाक्य असं होईल: ‘सामनेवाले यांच्या निष्काळजीपणामुळे व सेवेतील त्रुटीमुळे तक्रारदारास झालेल्या शारीरिक इजेबद्दल नुकसानभरपाई मिळावी.’