वाचकांचे प्रश्न : सीमेपलीकडे नायट्रेट चौपट?

प्रश्न : एका नदीच्या वरच्या टप्प्यातल्या आमच्या नोंदी शेजारी देशाच्या नोंदींना जोडल्या, तर सीमा ओलांडताच नायट्रेट चौपटीहून जास्त झालेलं दिसतं. हे प्रदूषण की चूक?

उत्तर : आधी गुणोत्तर काढा. ते महिनोन्‌महिने 4.4 च्या आसपास अडून राहिलं असेल, तर नदी निर्दोष आहे. एक प्रयोगशाळा ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ लिहिते, दुसरी अख्खं नायट्रेट. नायट्रोजनचा 1 मि.ग्रॅ. म्हणजे नायट्रेटचे 4.43 मि.ग्रॅ. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची लिटरमागे 50 मि.ग्रॅ. नायट्रेटची मर्यादा नायट्रोजनच्या पद्धतीत 11.3 होते, पाणी तेच. फॉस्फेटमध्ये हाच घोळ सुमारे 3.07 पटींचा, आणि तिथे नमुना 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळला होता का, हेही विचारावं लागतं. न गाळलेल्या नमुन्यात गाळाला चिकटलेलं फॉस्फरसही मोजलं जाऊ शकतं. नुसतं ‘मि.ग्रॅ./लि.’ लिहिलेला तक्ता आम्ही तरी जोडणार नाही. आधी प्रयोगशाळेला विचारा. अंदाजाने गुणाकार करून ठेवलात, तर पुढच्याला मूळ आकडा कधीच सापडणार नाही.

प्रश्न : अहवालात ‘< 0.05’ असं येतं. संगणक ते आकडा म्हणून घेत नाही. शून्य भरावं का?

उत्तर : नाही. शून्याने सरासरी खाली येते, आणि ओळ गाळली तर वर जाते. चिन्हासाठी वेगळा रकाना करा: तिथे ‘<’, शेजारी 0.05. शोधमर्यादा, म्हणजे उपकरणाला ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, मधेच बदलली असेल तर तेही लिहा. उपकरण सुधारलं की नदी स्वच्छ झाल्यासारखी दिसते.

प्रश्न : साधनं मोजकीच आहेत. काय मोजावं आणि नोंदी कुठे जातात?

उत्तर : संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधल्या पाण्याच्या गुणवत्तेच्या 6.3.2 या निर्देशांकात नद्यांसाठी पायाभूत गट पाच बाबींचा आहे: विरघळलेला ऑक्सिजन, विद्युतवाहकता, नायट्रोजन, फॉस्फरस आणि सामू (पीएच). संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा जेमस्टॅट हा पाण्याच्या गुणवत्तेच्या नोंदींचा संग्रह जर्मनीतल्या कोब्लेन्झहून चालतो. त्यात नोंदी मुख्यतः देशांनी नेमलेल्या संस्थांमार्फत येतात, म्हणून आधी आपल्या देशातली ती संस्था गाठा.

प्रत्येक ठिकाणाला कायमचा क्रमांक द्या. नमुन्याची जागा सांडपाण्याच्या नाल्याच्या वरून खाली सरकली, तर क्रमांकही नवा. अक्षांश-रेखांश दशांशात लिहा आणि एकदा नकाशावर टाकून पाहा. दोन्हींची अदलाबदल झाली की ठिकाण बऱ्याचदा समुद्रात जातं, ही चूक निदान दिसते तरी. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच हवी, कारण 03/04 चा अर्थ देशागणिक बदलतो. वाहकता 25 अंश सेल्सिअस तापमानाला आणलेली आहे का तेही नोंदवा. दर अंशाला ती सुमारे 2 टक्के बदलते. ऑक्सिजन जागेवरच मोजा आणि वेळ टाकायला विसरू नका: शेवाळाने भरलेल्या संथ पाण्यात पहाटे तो सर्वांत कमी असतो, दुपारी संपृक्ततेच्याही (हवेतून पाण्यात मुरू शकणाऱ्या प्रमाणाच्याही) वर जातो.